घरी गेल्यावर काय सांगाल?

मावशींनी टेबलावर पिशवी उपडी केली. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. आत गोळ्यांच्या पट्ट्या, दोन केसपेपर, ईसीजीची घडी आणि, का कोण जाणे, लाइटबिल. पायांना सूज म्हणून त्या महिन्याभरात तिसऱ्यांदा आल्या होत्या. पहिल्यांदा मी म्हणालो, मीठ कमी करा. दुसऱ्यांदा लघवी वाढवणारी गोळी चालू केली. आता त्या म्हणत होत्या, "सूज काही हटंना, आणि उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येतीय." मी पट्ट्या एकेक करून उलटून पाहिल्या. दोन पट्ट्या वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या, वेगळ्या कंपन्यांच्या. पण दोन्हींवर खाली बारीक अक्षरात एकच औषध, बीपीचं ॲम्लोडिपिन. सकाळची पट्टी माझी. रात्रीची, शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली. आम्ही दोघांनीही त्यांना बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही. त्यांनी एकही चुकवली नव्हती.

ॲम्लोडिपिनचा डोस चढला की घोट्यांवर सूज येऊ शकते, हे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी त्या सुजेवर आणखी एक औषध देऊन मोकळा झालो होतो. बीपीच्या दोन गोळ्या, वर लघवीची तिसरी. अंधारी न येऊन सांगते कोणाला! मावशी सातवी शिकलेल्या. पोथी वाचतात, बचत गटाचा हिशेब ठेवतात, तोही पैशापर्यंत जुळलेला. त्या दिवशी पिशवी उपडी झाली नसती, तर आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत हाच किस्सा मी वेगळ्या तऱ्हेनं सांगितला असता, की पेशंट पथ्य पाळत नाहीत हो, मीठ काही सोडत नाहीत.

'पेशंटला कळत नाही' हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोयीचं आहे. ते उच्चारलं की विषय संपतो. तालुक्याच्या गावात पंचवीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून बसल्यावर माझं मत असं झालंय, की हे न कळणं बहुतेक वेळा टेबलाच्या माझ्या बाजूला जन्माला येतं. आरोग्य साक्षरतेची मोहीम काढायचीच असेल तर पहिला वर्ग डॉक्टरांचा भरवा, दुसरा केमिस्टचा. पेशंटना तिसऱ्या वर्गात बसवलं तरी चालेल.

आरोग्य साक्षरता हा शब्दप्रयोग १९७४चा, अमेरिकेत जन्मलेला. त्याची नेहमीची व्याख्या अशी: आरोग्याची माहिती मिळवणं, समजून घेणं आणि तिच्या आधारानं निर्णय घेणं, ही माणसाची क्षमता. व्याख्येत चूक काही नाही. पण वाचताना मला शाळेचं प्रगतिपुस्तक आठवतं. गुण मुलाला, मास्तरांनी काय आणि कसं शिकवलं, त्याला रकानाच नाही. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत बोललो आणि त्याला कळलं नाही, तर नापास कोण?

चिठ्ठीपासूनच सुरुवात करू. आम्ही लिहितो '१-०-१'. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आम्हाला हे इतकं स्वच्छ दिसतं की याला काही वेगळा अर्थ असू शकतो हे डोक्यातही येत नाही. औद्योगिक वसाहतीत तिसरी पाळी करणाऱ्या एका पेशंटनं मला विचारलं होतं, "सर, माझी सकाळ कोणती धरायची?" तो सकाळी आठला घरी येतो, जेवतो आणि झोपतो. मी त्याला शुगरची गोळी 'सकाळी नाश्त्याआधी' लिहून दिली होती. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर ज्या वेळी त्यानं खात-पीत असायला हवं, त्या वेळी तो गाढ झोपलेला असणार. त्यानं विचारलं म्हणून कळलं. न विचारणारे किती असतील, ते मी मोजलेलं नाही आणि मोजायला थोडा घाबरतोही.

चिठ्ठीवरून पट्टी घ्यायला पेशंट केमिस्टकडे जातो. तीन दिवसांच्या गोळ्या हव्यात, पट्टी दहाची. कात्रीनं पट्टी अर्धी होते. एका अर्ध्यावर नाव राहतं, दुसऱ्यावर मुदतीची तारीख. केमिस्ट मागे पेनानं दोन रेघा मारतो, म्हणजे दिवसातून दोनदा. तीन रेघा म्हणजे तीनदा. ही रेघांची लिपी महाराष्ट्रात बहुतेकांना येते, आणि खरं सांगायचं तर माझ्या चिठ्ठीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. पण घरात नवऱ्याच्या दोन रेघा आणि बायकोच्या दोन रेघा एकाच डब्यात पडल्या की ती लिपीही मुकी होते. कशासाठीची गोळी आहे हे रेघ सांगत नाही.

२०१६ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं नियम केला: औषधाचं मूळ नाव लिहा, ते वाचता येईल असं लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. नियम चांगलाच. पण त्यातला 'वाचणारा' कोण, हे कॅपिटल अक्षरांवरून लक्षात येतं. तो केमिस्ट आहे. आईवडिलांच्या औषधांची पेटी सांभाळणारी, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली सून त्या नियमाच्या डोळ्यांपुढे नव्हती. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. इतकी वाचू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या हातात आपण जे कागद ठेवतो ते त्यांच्या भाषेत नसतात. चिठ्ठी इंग्रजी, डिस्चार्ज कार्ड इंग्रजी, लॅबचा रिपोर्ट इंग्रजी, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद इंग्रजी आणि तोही मुंगीच्या अक्षरात. खताच्या पोत्यावर मराठी असते. बियाण्याच्या पाकिटाबरोबर येणारं माहितीपत्रक मराठीत असतं. पिकाला मिळणारी ही वागणूक माणसाला मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

आणि भाषा मराठी केली की सगळं संपलं असंही नाही. २००६ साली अमेरिकेत ३९५ पेशंटवर झालेला एक अभ्यास मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगतो. बाटलीवर लिहिलं होतं, दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. कमी वाचता येणाऱ्या पेशंटपैकी ७१ टक्के जणांनी ते वाक्य बरोबर वाचून सांगितलं. मग त्यांना म्हटलं, दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर चार गोळ्या काढणारे निघाले ३५ टक्के. वाक्य त्यांच्या भाषेतलं, शब्द साधे, तरी निम्म्यांची गाडी मधेच घसरली. वाचणं आणि करणं यांच्यात एक दरी असते आणि 'समजलं का?' या प्रश्नानं ती दिसत नाही.

'समजलं का?' हा माझ्या दवाखान्यात दिवसातून शंभरदा विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "हो, डॉक्टरसाहेब." मान डोलते, हात नमस्काराला जुळतात, पेशंट उठतो. खरं म्हणजे तो प्रश्न नसतोच, ती बैठक आटोपल्याची घंटा असते. बाहेर बाकावर पंधरा माणसं बसलेली, त्यातला एक खोकतोय, एकीच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. अशा वेळी 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे सगळ्यांदेखत स्वतःला ढ ठरवून घेणं, आणि वर मागच्यांचा खोळंबा करणं. वडीलधाऱ्यांना तर ते जमतच नाही. डॉक्टर मुलाच्या वयाचा असला तर आणखीच नाही.

डॉक्टरनं सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो आणि जी लक्षात राहते त्यातली जवळजवळ निम्मी चुकीची असते, असा निष्कर्ष २००३ साली एका डच संशोधकानं आधीचे अभ्यास एकत्र करून मांडला होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तिकडचं असेल. मग मी स्वतः एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेलो. सर्जन माझ्या ओळखीचे, भाषा माझीच, विषय माझाच. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "टाके कधी काढायचे म्हणाले?" मला आठवेना.

वेळेचा मुद्दा मी टाळत नाही. २०१७ साली ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो. बांगलादेशात ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत बीपी मोजून, छाती तपासून, चिठ्ठी लिहून, वर समजावून सांगा म्हणणाऱ्याला कुठलाही डॉक्टर हसेल. प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येला एक, आदिवासी भागात २० हजारांना. तिथल्या ओपीडीत बसून पाहा, मग बोला. हे सगळं मला मान्य आहे.

पण वेळ नाही हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पैशाचं आहे आणि ते आम्ही डॉक्टर चारचौघांत बोलत नाही. समजावून सांगण्याची फी कोणी देत नाही. दहा मिनिटं बसून एखाद्याला सांगितलं की हा विषाणूचा ताप आहे, तीन-चार दिवसांत उतरेल, भरपूर पाणी प्या, ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, आणि या या खुणा दिसल्या तर लगेच परत या. तर तो बाहेर जाऊन काय म्हणतो? "नुसतं बोलून पाठवलं." पलीकडच्या गल्लीत त्याला सुई मिळते, सलाईन मिळतं आणि गुण येतो. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चमचाभरही नाही. धडधाकट, तोंडानं पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला ते शिरेतून देण्यासारखं महागडं पाणी दुसरं नाही. पण बाटली दिसते, थेंब पडताना दिसतात. शब्द दिसत नाहीत. त्यामुळे 'डॉक्टरच्या हाताला गुण आहे' असं म्हणतात, डॉक्टरच्या जिभेला गुण आहे असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. सुईची सवय आम्हीच लावली, हेही इथेच कबूल करतो. सुरुवातीची काही वर्षं मीही 'ताकदीची' इंजेक्शनं दिली आहेत. भाडं भरायचं होतं.

सरकारी बाजूलाही तेच. आशाताईंच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक मिळतो: बाळंतपण, लसीकरण, घरभेटी, तपासणीचे फॉर्म. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरून बीपी-शुगरसारख्या आजारांच्या धोक्याचे गुण काढायचे असतात. फॉर्म भरला की काम मोजलं जातं. ज्याचा फॉर्म भरला त्या बाबाला त्याच्या शुगरचा आकडा म्हणजे काय हे उमगलं की नाही, याला कुठेच रकाना नाही. जे मोजलं जात नाही ते होत नाही. यात आशाताईंचा दोष शून्य. ज्या गावात मी जातो तिथं औषधाबद्दल खरा प्रश्न कोणाला विचारला जात असेल तर तो त्यांनाच.

शिकवणारा तयार असला तर शिकणाऱ्याचं अक्षरज्ञान आड येत नाही, याचे पुरावे शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक गावकुसाबाहेरच्या. त्या बायकांनी गरोदरपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग असं सगळं शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं मुलांचा न्यूमोनिया ओळखायला सुईणींना शिकवलं, तेव्हा अडचण अशी होती की बाळाचे श्वास पन्नास-साठपर्यंत मोजायचे आणि मोजणारीला अंक येतात दहा-बारापर्यंत. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले यावरून निदान. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत करून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली गेली, आणि तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला त्या ६२ टक्क्यांपेक्षा तो मणी जास्त महत्त्वाचा वाटतो. बाईला शंभरपर्यंत मोजता येत नाही, असं म्हणून थांबता आलं असतं. कोणीतरी साधन बदललं.

करोनाच्या वर्षांत तर अख्ख्या महाराष्ट्रानं परीक्षा दिली. २०२० आणि २१मध्ये ऑक्सिमीटर बोटाला लावून ९४ हा आकडा पाहणं, सहा मिनिटं चालून पुन्हा पाहणं, हे ज्या माणसांना आम्ही वर्षानुवर्षं 'कळत नाही' म्हणत होतो त्यांनी आठवड्याभरात आत्मसात केलं. एक आकडा, एक कृती, आणि आकडा खाली गेला तर पुढे काय करायचं हे ठरलेलं. सांगणं असं असलं की कळतं. पण त्याच काळात दुसरीही गोष्ट झाली. सीटी स्कॅनचा २५ पैकीचा स्कोअर म्हणजे बोर्डाची मार्कलिस्ट होऊन बसला. 'पप्पांना १२ आहेत', 'आमच्याकडे १७'. आणि रेमडेसिविरसाठी उन्हात रांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या नोव्हेंबरातच रेमडेसिविर वापरू नका असा सल्ला दिला होता. २०२१च्या एप्रिलमध्ये पोरं इंजेक्शनासाठी दागिने मोडत होती. त्या रांगेतल्या मुलाकडे माहिती कमी नव्हती, उलट फोन माहितीनं भरून वाहत होता. चिठ्ठी मात्र आमच्यापैकीच कोणीतरी लिहिलेली होती. 'हे नाही मिळालं तर काय बिघडेल?' हा प्रश्न त्यानं विचारला नाही, आणि विचारला असता तर उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं.

शब्द नेमका पडला तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'जलसंजीवनी'. ओआरएससारखं कोरडं इंग्रजी नाव आपल्या आरोग्य खात्यानं जलसंजीवनी केलं आणि भिंतीभिंतींवर रंगवलं. ज्यानं कोणी तो शब्द काढला त्याला माझा दंडवत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत, पटकीच्या साथीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आणले. इतकं साधं, इतकं स्वस्त. तरीही पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं ही गोष्ट मी बोलून सोडून देतो तेव्हा निम्म्या घरांत ते एका पेल्यात घातलं जातं, आणि घट्ट पाण्यानं बाळाचे हाल वाढतात. आता मी लिटर हा शब्दच वापरत नाही. पाण्याची विकत मिळणारी मोठी बाटली टेबलावर ठेवलेली असते, ती दाखवतो. पुन्हा बाजारानं या नावाचाही फायदा घेतलाच. ओआरएस असं मोठ्या अक्षरात लिहून साखरेची गोड पेयं मेडिकलच्या फडताळात वर्षानुवर्षं विकली गेली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव लावायला बंदी केली तेव्हा कुठे थांबली. आईनं मेडिकलमधून, ओआरएस लिहिलेलं, पैसे देऊन आणलं. तिनं आणखी किती साक्षर व्हायचं?

तर करायचं काय? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक छापील चिठ्ठीवर औषधापुढे 'कशासाठी' असा एक रकाना असावा आणि तो मराठीत भरलेला असावा. 'बीपीसाठी', 'शुगरसाठी', 'ॲसिडिटीसाठी'. इतकंच. मावशींच्या दोन पट्ट्यांपुढे दोन्हीकडे 'बीपीसाठी' लिहिलेलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. बचत गटात एकाच खर्चाच्या दोन पावत्या आल्या तर त्या खपवून घेत नाहीत. क्रोसिन, कॅलपोल आणि डोलो ही तीन नावं, पण आत पॅरासिटामॉलच, हे 'कशासाठी'च्या रकान्यातून आपोआप कळू लागतं. चिठ्ठ्या आता संगणकावर निघतात, तिथं हे करायला एका दुपारचं काम आहे. सरकारी दवाखान्यांपासून सुरुवात करायला तर कुणाची परवानगीही नको, राज्याची राजभाषा १९६४च्या कायद्यापासून मराठीच आहे.

केमिस्टनं पेशंटला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगावं, हे २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत आधीच आहे. नियम आहे, काउंटर आहे, शिकलेला माणूसही काउंटरमागे असायला हवा. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे कुपीत मिलिलिटरला ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. लाल आणि केशरी! हे रंग ठरवणाऱ्याला मोतीबिंदू झालेली आजी माहीत नसावी. ४०च्या सिरिंजमध्ये १००चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर डोस निम्म्याहूनही खाली येतो आणि डॉक्टर म्हणतो, शुगर हटत नाही, तुम्ही गोड खात असणार. ही जोडी काउंटरवर जुळवून देण्याचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

आणि आम्ही डॉक्टर? २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं याचा विषय आला आहे, चांगलं झालं. आमच्या वेळी नव्हता. आम्ही पेशंटकडूनच शिकतो. बीपीची गोळी नॉर्मल आल्यावर बंद करणारे माझ्याकडे ढिगानं होते. 'सवय लागते' ही भीती. मी धमन्या, हृदय, किडनी असं बरंच काही सांगायचो. एकदा एका द्राक्षबागाईतदाराला सांगत होतो, तो मला थांबवून म्हणाला, "म्हणजे ठिबकसारखंच की. प्रेशर जास्त झालं की नळ्यांचे जोड सुटतात, म्हणून आपण जादा पाणी वळवणारा बायपास उघडा ठेवतो. मग गेजवर काटा नीट आला म्हणून कोण बायपास बंद करतं का?" काटा नीट आहे तो बायपास उघडा आहे म्हणून. पंचवीस वर्षांत मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं. आता हे त्याचं वाक्य मी सर्रास वापरतो, आणि ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांना कुकरची शिट्टी.

पेशंटनं काही करायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. पिशवी आणा. सगळी आणा, आयुर्वेदिक चूर्णासकट, शेजारणीनं दिलेल्या गोळीसकट. उपास असेल तर सांगा. आमच्याकडे आषाढीला आणि नवरात्रात शुगर घसरून घाम फुटलेली माणसं येतात. गोळी भक्तिभावानं घेतलेली असते, जेवण भक्तिभावानं सोडलेलं असतं. दुसरी तऱ्हा म्हणजे उपास म्हणून गोळी बंद आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा, की शुगर साडेतीनशे. पण यातही मी सणाआधी विचारलं होतं का? कॅलेंडर माझ्याच भिंतीवर आहे. चिठ्ठीवर 'जेवणाआधी' लिहिताना, जेवण नसेल त्या दिवशी काय, हे मीच लिहायला हवं होतं.

'समजलं का?' मी सोडून दिलंय. सोडायला दोन वर्षं लागली, अजूनही गर्दीच्या सोमवारी तोंडातून निघून जातं. पेशंटकडून परत वदवून घ्यावं असं पुस्तकं सांगतात, पण सत्तर वर्षांच्या माणसाला 'सांगा बघू मी काय म्हणालो' असं म्हणणं म्हणजे त्याला बाकावर उभं करणं. म्हणून मी विचारतो, "घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" परीक्षा माझीच असते, फक्त ती सूनबाईंच्या नावावर खपते. आणि उत्तरं ऐकून अनेकदा मला चिठ्ठी पुन्हा लिहावी लागते. अर्धं मिनिट जातं, कधी एक. पुढची फेरी वाचते.

मावशी गेल्या आठवड्यात आल्या होत्या. सूज उतरली आहे, दोनातली एक पट्टी आणि लघवीची गोळी बंद. पिशवी तीच, लाइटबिल नवीन. मी नेहमीप्रमाणे विचारलं, सूनबाईंनी विचारलं तर काय सांगाल. त्यांनी गोळ्या एकेक करून टेबलावर मांडल्या, कोणती कशाची ते बरोबर सांगितलं, वेळाही सांगितल्या. मग पट्ट्या पिशवीत भरत म्हणाल्या, "पण डॉक्टर, ती कशाला विचारतीय!"